हाराचे दोन खिळे

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो आवाजांनी. पहिला आवाज आईचा. ती झरीच्या शाळेत शिक्षिका होती, आणि एसटी चुकली की रजा गेली, म्हणून उजाडायच्या आत तिच्या तांदळाच्या भाकऱ्या थापून व्हायच्या, तव्यावर सुके बोंबील चुरचुरायचे आणि त्या वासाबरोबर तिची हाक यायची, "सुलू, ऊठ गं बाई, किती लोळशील!" सुलू म्हणजे मी. दुसरा आवाज दादांचा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान, तेव्हा आई बसस्टँडवर पोचते न पोचते तोच आमच्याकडे करवत सुरू. त्यातून काच कापायची असली तर विचारूच नका. काचेवर हिरकणी ओढली की जो किर्रर्र आवाज होतो, त्यानं शेजारच्या काकूंचे दात शिवशिवायचे आणि त्या भिंतीवर लाटणं आपटायच्या. मी मात्र त्या आवाजात ढाराढूर झोपायची. करवत थांबली की जाग यायची मला.

डहाणू रोड स्टेशनवरून बाजारात उतरलात की थोडं आत आमचं घर. दुकानात देव असायचे, लग्नातली जोडपी असायची, निवृत्त झालेल्या रेल्वेच्या माणसांची मानपत्रं असायची. पण खरा धंदा गेलेल्या माणसांचा. वाढवणपासून तलासरीपर्यंतची माणसं दादांकडे यायची ती त्यासाठी. गेलेल्या माणसाच्या फोटोला दादा गडद तपकिरी पट्टी लावायचे, आत सोन्याची एकच बारीक रेघ, आणि चौकटीच्या वरच्या कडेला, दोन्ही टोकांना, पितळी डोक्याचे दोन खिळे ठोकायचे. हार अडकवायला. हे खिळे कुणी मागत नसे. त्यांचे वेगळे पैसे नसत. पण ते असले म्हणजे बघणाऱ्याला काही सांगावं लागत नाही. जिवंत माणसाच्या फोटोला ते चुकूनही लागता कामा नयेत. तशी चौकट कुणाच्या हातात देणं म्हणजे त्याच्या तोंडावर शिवी देण्यासारखंच. आता कुणाच्या घरी जावं तर फोटोभोवती विजेच्या दिव्यांची माळ लुकलुकत असते, गेलेला माणूस कुठला आणि सत्यनारायणाचा देखावा कुठला कळत नाही. जाऊ दे, म्हातारपणी कुरकुर करायला काहीतरी लागतंच.

दादांची एक शान होती. ते गिऱ्हाइकाला कधीही विचारायचे नाहीत की हा माणूस आहे की गेला. माणूस दुकानात शिरायचा, पिशवीतून फोटो काढायचा, आणि दादा त्याच्या हातांकडे एक नजर टाकून म्हणायचे, "सोमवारी घेऊन जा." बस्स. खिळे लागायचे तिथं लागायचे, नाही लागायचे तिथं नाही. "दुःखातल्या माणसाला ते तोंडानं बोलायला लावू नये," असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं. बोलायचे नाहीत, पण मिशीखाली हसायचे. मला त्या हसण्याचा राग यायचा, आणि अभिमान तर त्याहून जास्त वाटायचा.

बारावीचा निकाल लागला आणि आईनं डी.एड.चं काढलं. तिचं चूक नव्हतं. नियमित पगार म्हणजे काय हे तिच्या पगारावर वाढलेल्या आम्हांला शिकवायला नको होतं. पण मला दुकानात बसायचं होतं. शाळेत असल्यापासून मी दादांच्या शेजारी बसून पट्टीचे कोन कापत होते. माझे कोपरे असे जुळायचे की नख फिरवलं तरी फट लागायची नाही. एका रविवारी उकडहंडीच्या भाजीसाठी आई पदर खोचून कोंडफळाचे कंद सोलत होती, मी चिरत होते, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "मला डी.एड. नाही करायचं. मी दादांबरोबर दुकान बघणार."

आई काही बोलायच्या आधी दादाच म्हणाले, "नाही."

"का? मला काम येत नाही?"

"लाकूड कापणं कुणालाही शिकवता येतं गं. पण दुकानात रडत येतात माणसं. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचं पोर. त्यांच्यासमोर कसं बसायचं, काय बोलायचं, काय नाही, ते तुला यायचं नाही. तुझ्या तोंडाला कुलूप आहे का?"

आई फस्सकन हसली. खरं होतं, नव्हतं कुलूप. पण मला ते लागलं. माझ्या हातातला चाकू मी पाटावर आपटला आणि पाय आपटत मागच्या अंगणात जाऊन बसले. दिवसभर कुणाशी बोलले नाही. उकडहंडी मात्र दोनदा वाढून घेतली, तो राग वेगळा.

आणि पंधरवड्याच्या आतच एका स्पर्धेचं कळलं. वापीकडचे फ्रेमच्या लाकडी पट्टीचे एक मोठे होलसेलवाले होते, रमणिकभाई. त्यांचा टेम्पो आमच्या सगळ्या पट्ट्यात माल टाकायचा. दादांनी त्या माणसाला कधी पाहिलेलं नव्हतं, सगळा व्यवहार टेम्पोवाल्याच्या हातून. त्या टेम्पोवाल्यानंच निरोप आणला, की धंदेवाईक फ्रेमवाल्यांची स्पर्धा आहे, तलासरीच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये. सगळ्यांना एकच फोटो मिळणार, तोच प्रत्येकानं आपल्या पद्धतीनं फ्रेम करून आणायचा. नियम कडक. फोटोला डिंक लागता कामा नये, काचेला फोटो चिकटता कामा नये, कोपऱ्यात फट चालायची नाही, उद्या कुणी चौकट उघडली तर फोटो होता तसा बाहेर आला पाहिजे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, ज्याच्या नावानं फ्रेम, त्याच्याच हातचं सगळं काम. दुसऱ्याचा हात लागला तर बाद.

"माझं नाव घाला," मी म्हटलं.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. म्हणाले, "ठीक. पहिल्या तिघांत आलीस तर दुकानात बस, मी आडवा येणार नाही. नाही आलीस तर गुपचूप डी.एड. परत हा विषय घरात निघायचा नाही. आहे कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. आईनंही मान हलवली. ती निर्धास्त होती. मोठमोठे कारागीर येणार, त्यात आपल्या पोरीचा काय निभाव, असा तिचा हिशेब. आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. दादांनी दिलेला शब्द त्यांनी स्वतःच्या भावाशी भांडण पत्करून पाळलेला मी पाहिला होता. त्यामुळे कबूल म्हटल्यावर मागे फिरायची सोय नव्हती.

फोटो आला गुंडाळी करून. दुकानाच्या टेबलावर मी तो उलगडला. एक म्हातारी, पांढऱ्या साडीत, एकटीच खुर्चीवर बसलेली. मागे कोरी भिंत. हात मांडीवर, नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुठेतरी. चेहरा असा, की सगळी कामं आटोपून बसलीय. दादा पलीकडून येता येता थांबले, वाकून बघितलं, म्हणाले, "गेलीय बिचारी." आणि पुढे गेले. बस एवढंच. ते कशावरून, असं मला विचारावंसंही वाटलं नाही. दादा म्हणाले गेलीय, म्हणजे गेलीच. आमच्याकडे कृष्णधवल फोटोत एकटी बसलेली म्हातारी दुसरी असतेच कोण?

पुढचे आठवडे कसे गेले ते मला विचारा. गडद पट्टी निवडली, आत सोन्याची रेघ, अगदी आमच्या दुकानाची. फोटोभोवतीचा जाड पुठ्ठ्याचा माउंट मी फिक्या पिठाच्या रंगाचा घेतला. पण डहाणूची हवा! दोन दिवसांत माउंट फुगला, कडा वर उचलल्या. फेकून दिला. दुसरा कापला, त्याच्या आतल्या कोपऱ्यात ब्लेड केसभर पुढे गेलं. तोही फेकला. चौकट जुळवून ठेवली आणि सकाळी बघते तर एका कोपऱ्यात लाकूड दमट होऊन बारीक फट. मी तिथंच रडायला बसले. दादांना हात लावायची बंदी. बिचारे दारात उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून, आणि आतल्या आत तडफडायचे. "अगं, क्लॅम्प..." एवढं म्हणायचे आणि मी डोळे वटारले की जीभ चावून निघून जायचे. आई संध्याकाळी शाळेतून यायची, दुकानातला लाकडाचा खच बघायची आणि म्हणायची, "घर आहे का वखार?" पण माझ्या ताटात मासा मोठा पडायला लागला होता, हे मला कळत होतं.

शेवटी जमलं. खोटं कशाला सांगू, फारच सुंदर जमलं. काचेत धुळीचा कण नाही, कोपरे एका लाकडाचे असावेत तसे. मी वरच्या कडेला खिळे लावले नव्हते. मुद्दामच. म्हटलं, स्पर्धा आहे, घर नाही, तिथं कोण हार घालणार? निघायच्या दिवशी सकाळी मी केस विंचरत होते तेव्हा दादा म्हणाले, "मी बांधून देतो नीट." बांधायला कसला नियम? मी हो म्हटलं. आईच्या जुन्या सुती साडीत त्यांनी ती गुंडाळली, सुतळी बांधली आणि आम्ही निघालो. आईनं दोघांच्या हातावर दही ठेवलं. चारोटीला गाडी बदलताना हायवेवरचे ट्रक असे अंगावर यायचे, की मी फ्रेम छातीशी धरून दादांच्या मागे उभी होते. दादा मध्ये उभे होते, मालगाडीसमोर उभ्या राहिलेल्या फाटकासारखे. ट्रकवाल्यांना शिव्या घालत होते.

हॉल फुलांनी सजवलेला. टेबलं लांब मांडलेली, त्यापुढे दोरी. वापी, पालघर, विरारकडचे कारागीर, सगळे पुरुष. मी एकटीच बाई, तेही सलवार कमीज घातलेली पोरगी. काही जण दादांना नमस्कार करत होते, "तुम्ही आलात, बरं झालं," असं म्हणत होते, आणि दादा माझ्याकडे बोट दाखवत होते. मी टेबलावर गुंडाळी ठेवली, सुतळी सोडली, साडी बाजूला केली.

वरच्या कडेला, दोन्ही टोकांना, पितळी डोक्याचे दोन खिळे.

मागे वळून बघते तर दादा शेवटच्या बाकावर बसलेले, माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवताहेत. त्यांना वाटलं असणार, पोरगी विसरली. पोरीची चौकट अपुरी जायला नको. त्यांच्या हातांनी ते खिळे ठोकताना डोक्याला विचारलंसुद्धा नसेल. मी साडी परत वर ओढली आणि तिच्याआडून खिळे उपटायला हात घातला, तेवढ्यात एक माणूस आला, टेबलावर नंबराची चिठ्ठी ठेवली आणि म्हणाला, "ताई, चला दोरीच्या बाहेर. आता हात नाही लावायचा." साडी त्यानंच उचलून माझ्या हातात दिली.

मी स्वतःची समजूत घातली. ठीक आहे, म्हातारी गेलेलीच आहे. खिळे असले तर असले. दुसऱ्याचा हात लागला हे कुणाला कळणार? जीव जरा भांड्यात पडतो न पडतो तोच दारात गडबड झाली. रमणिकभाई पुढे चालत होते, जाडजूड, सफारीतले, आणि त्यांच्या हाताला धरून, पांढऱ्या साडीत, एक म्हातारी हळूहळू येत होती. मुलं वाकून तिच्या पाया पडत होती. कुणीतरी माइकवर सांगत होतं, की रमणिकभाईंच्या आईनं, जमनाबांनी, नवऱ्यामागे हा धंदा उभा केला, आज त्यांचा वाढदिवस, आणि आज सगळ्या कारागिरांनी त्यांचाच फोटो मढवून आणलाय, त्यातला सगळ्यात चांगला बांना भेट.

तीच म्हातारी. तीच बाजूला बघायची नजर. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि मी मागे बघितलं ते उगाच बघितलं. दादांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी बाक धरून ठेवला होता.

परीक्षक दोघे. एक टकला, हातात भिंग घेतलेला, तो प्रत्येक कोपऱ्याला भिंग लावायचा, मान हलवायचा, लिहायचा. रमणिकभाई आणि बा मागून हळूहळू. बा प्रत्येक चौकटीत स्वतःला बघत होत्या आणि खूश होत होत्या. कुणी फुलाफुलांची पट्टी लावलेली, कुणी सोनेरी, कुणी मखमलीचा माउंट. मी डोळ्यांनी टेबलं मोजत होते. भिंगवाला माझ्या चौकटीपाशी आला. एक कोपरा बघितला. दुसरा बघितला. परत पहिला बघितला. दुसऱ्या परीक्षकाला हातानं बोलावलं. दोघे वाकून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की त्यांना आवडलंय. फार आवडलंय. मग टकल्याचं बोट वरच्या कडेवरून फिरत फिरत खिळ्याला लागलं.

"हे काय?"

आमच्याकडच्या माणसांना सांगावं लागलं नाही. एकेकाच्या माना वर झाल्या. रमणिकभाई पुढे आले, त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "आ शुं छे? कुणी केलंय हे? कुणाचा नंबर?"

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही, पण मला कळलं की दादा उठले. ते "मी" म्हणणार होते. त्यांच्या तोंडून ते निघालं असतं तर दुसऱ्याचा हात लागला म्हणून मी तिथंच बाद. पण खरं सांगते, त्या क्षणी मला स्पर्धा आठवलीच नाही. मला एवढंच दिसत होतं, की ज्या माणसाला सगळा पट्टा मान देतो, तो सगळ्यांसमोर म्हणणार की माझी चूक झाली, मी जिवंत माणसाला मारलं. मी दोरीखालून वाकून आत शिरले आणि त्यांच्याहून मोठ्या आवाजात ओरडले, "मी केलंय. माझी फ्रेम आहे. खिळे मीच लावले."

खोटं बोलले. त्याची मला आजही खंत नाही.

बा पुढे आल्या. ठेंगण्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. "ए छोकरी," त्या म्हणाल्या, "मी मेली असा तुला कोण सांगितला?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. "कुणी नाही, बा. मला वाटलं. फोटोत तुम्ही एकट्याच होतात... भिंत कोरी होती..."

"एकटी बसली म्हणजे मेली?" त्यांचा आवाज चढला. रागानं का भीतीनं कोण जाणे. "वाढदिवस माझा, आणि तू मला हार घालायला निघाली! काढ ते. आत्ता. माझ्यासमोर काढ."

रमणिकभाई म्हणाले, "बा, राहू दे, आपण फ्रेमच उचलून..."

"नहीं. ती काढेल."

कुणीतरी मला पक्कड आणून दिली. अख्ख्या हॉलनं माझ्या हाताकडे बघायचं ठरवलं होतं. गडद पॉलिशवर एक ओरखडा उमटला तरी दिसणार, आणि खिळा सरळ ओढला तर लाकूड टवका घेऊन येणार. दादा खिळे ठोकायचे ते किती पक्के ठोकायचे हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी पक्कडीखाली साडीची घडी ठेवली, डोकं पकडलं आणि अगदी हळू, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पहिला खिळा निघाला. लाकूड जसंच्या तसं. माझ्या मागे कुणीतरी श्वास सोडला. दुसऱ्याला हात घातला तेव्हा माझ्या बोटांना घाम सुटला होता. पक्कड सटकली, खिळा वाकडा झाला, आणि ओढला तेव्हा सोबत पॉलिशचा एक बारीक टवका घेऊन आला. चणाडाळीएवढा. पांढरं लाकूड दिसायला लागलं.

बांनी त्या जागेवर बोट ठेवलं. "भोक राहिला," म्हणाल्या.

"राहिला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. पुढची चौकट फुलाफुलांची होती. तिथं त्या हसल्या.

निकालात माझं नाव नव्हतं. पहिल्या तिघांत नाही आणि उत्तेजनार्थही नाही. टकला परीक्षक जाताना माझ्यापाशी थांबला. "तुझे कोपरे आज सगळ्यांत चांगले होते," म्हणाला. "पण काय करू? कसं देऊ?" मी म्हटलं, "नका देऊ." तो गडबडीनं निघून गेला.

परतीला चारोटीला बराच वेळ गाडी नव्हती. दादांनी दोन वडे घेतले, माझ्या हातात दिले, आपण घेतला नाही. ट्रक जात होते. मी दोन्ही वडे खाल्ले. मग हायवेकडे बघत दादा म्हणाले, "मला वाटलं तू विसरलीस."

"माहितेय."

"तू कशाला बोललीस मध्ये? मी सांगत होतो."

"तुम्ही सांगितलं असतं तरी मी बादच झाले असते, दादा."

"ते नाही म्हणत मी," ते म्हणाले, आणि लांबून येणाऱ्या एसटीला त्यांनी हात केला. घरी पोचल्यावर आईनं आमची तोंडं बघितली आणि पानं वाढली. जेवता जेवता दादा तिला म्हणाले, "डी.एड.चं बघ तू. ठरलं तसं." मी मान खाली घालून भात कालवत राहिले. डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं, आईनं बघितलं, आणि तिनं बघून न बघितल्यासारखं केलं. तिला आनंद झाला असेल, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, तिला माझ्याकडे बघवत नव्हतं.

पण दुकानात काहीतरी मोडलं होतं. करवत उशिरा सुरू व्हायची. मला जाग यायची नि शांतच असायचं सगळं. फोटो घेऊन माणूस आला, की दादा तो हातात धरून नुसते बघत बसायचे. पूर्वी सोमवारी घेऊन जा म्हणणारा माणूस आता "बघू, या सवडीनं" म्हणायला लागला. एक जण बापाच्या फोटोची चौकट घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला, "अहो, हार कुठं अडकवू? बाराव्याला माणसं येणार घरी!" तर एकदा भीतीपोटी त्यांनी सरळ विचारलं, "गेले का हे?" आणि तो माणूस उसळलाच. "माझा बाप बाहेर स्कूटरवर बसलाय! बोलवू?" दादा हात जोडून उभे राहिले. मी आतल्या दारातून हे बघत होते. मला जिंकायचं होतं हो, पण असं नाही. माझ्या बापाच्या हातातलं काहीतरी काढून घेऊन नाही. किती वेळा वाटलं, की त्या दिवशी त्यांना "मी" म्हणू दिलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्यांसमोर बोलून मोकळे झाले असते. माझ्या खोटेपणानं ते त्यांच्या आतच राहिलं.

कॉलेजात नाव लागलं होतं, आईनं माझ्यासाठी दोन नव्या साड्या आणल्या होत्या. एका दुपारी मी दादांसाठी चहा घेऊन दुकानात गेले. समोर वाढवणची एक बाई उभी. अंगावर काष्ट्याचं लुगडं, डोळे रडून सुजलेले. हातात एका तरण्या मुलाचा फोटो. एकटाच, मागे कोरी भिंत, कुठेतरी बाजूला बघणारा. दादांनी फोटो हातात घेतला. बाई वाट बघत होती. मग दादांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. बस, बघितलं फक्त. माझ्या बापानं माझ्याकडे काही मागितल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

मी चहा ठेवला. बाईला स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं. मी तिच्या बाजूला फोटोकडे बघत उभी राहिले आणि म्हटलं, "छान आहे फोटो. मावशी, कुठल्या भिंतीला लावायचाय?"

आमच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीला लावतात, हे पोरंसुद्धा सांगतील. दादांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

"दारासमोरच्या," बाई म्हणाली. "आल्यागेल्याला दिसला पायजे. मोठ्या बोटीवर लागलाय माझा पोर. कालच गेला. दोन वर्सं यायचा नाय म्हणतात." आणि तिला परत रडू कोसळलं, पण रडता रडता हसतही होती. मीही हसले. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मग सोनेरी पट्टी लावू मावशी, उजळ. पोरगा दिसायला पाहिजे." ती म्हणाली, "लाव बाय, तू म्हणशील ती लाव."

दादांनी फोटो माझ्या हातात दिला, टेबलामागून उठले, आणि चहाचा कप घेऊन बाजूच्या लाकडी पेटीवर जाऊन बसले. मी उभीच होते. रिकामी खुर्ची माझ्यासमोर होती आणि मला बसायचा धीर होत नव्हता. आत आई शाळेतून आली होती, तिच्या बांगड्यांचा आवाज दारापाशी थांबला होता. बाईनं माझ्याकडे बघितलं, दादांकडे बघितलं आणि विचारलं, "ही कोन तुमची?"

दादांनी चहाचा घोट घेतला. मला नाही, आईला नाही, त्या परक्या बाईलाच त्यांनी सांगितलं.

"मुलगी माझी. आता दुकानात तीच बसते."